नेटवर्क ड्राइव्हवरील डेटाबेस आणि त्याच्या कुलपाची नोंदवही

एखाद्या लहान कार्यालयात एक नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली सामायिक साठवण-पेटी, असतो. त्यावरील सामायिक फोल्डर हिशेबाच्या विंडोज संगणकावर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसतो, आतल्या खोलीतील लिनक्स यंत्रावर तोच फोल्डर माउंट केलेला, म्हणजे त्या यंत्राच्या फोल्डरांत जोडलेला, असतो आणि डिझायनरच्या मॅकवरही तो उघडतो. त्या फोल्डरमध्ये एसक्यूलाइटची एक डेटाबेस फाइल ठेवली की तिघांनाही एकच माहिती मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे आणि काही दिवस तसे घडतेही. मग एके दुपारी ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असा संदेश येतो. कोणीतरी इंटरनेटवर शोधून माउंटच्या ओळीत एक शब्द वाढवतो आणि संदेश नाहीसा होतो. दोन-तीन आठवड्यांनी मात्र तीच फाइल उघडताना ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ असे उत्तर मिळते, म्हणजे फाइल आतून बिघडलेली असते. या दोन संदेशांमध्ये थेट नाते आहे आणि ते समजले नाही तर दुरुस्तीच्या नावाखाली आपणच नुकसानीला वाट करून देतो.

एसक्यूलाइटचे वेगळेपण येथे आधी लक्षात घ्यावे लागते. रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या या डेटाबेसला स्वतंत्र सर्व्हर नाही. पोस्टग्रेस किंवा मारियाडीबीमध्ये सर्व विनंत्या एका सर्व्हरकडे जातात आणि कोणी आधी लिहायचे, कोणी थांबायचे, हे तो सर्व्हर ठरवतो. एसक्यूलाइटमध्ये मात्र प्रत्येक प्रोग्राम स्वतःच फाइल उघडतो, वाचतो आणि लिहितो. त्यामुळे दोन प्रोग्राम एकाच वेळी लिहू लागले तर त्यांना आवरण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल-कुलपांवर, म्हणजे लॉकवर, सोपवलेले असते. कुलूप खरे असेल तर डेटाबेस सुरक्षित असतो. कुलूप दिखाऊ असेल, तर ते दिखाऊ आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग एसक्यूलाइटकडे नसतो.

फाइलवरचे हे कुलूप फाइलमध्ये कोठेही लिहिलेले नसते. ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने, म्हणजे तिच्या गाभ्याने, स्वतःच्या मेमरीत ठेवलेली एक नोंद असते: अमुक प्रोग्रामने अमुक फाइलचा अमुक बाइटपासून अमुक बाइटपर्यंतचा भाग धरून ठेवला आहे. लिनक्स आणि मॅकवर ही नोंद सामान्यतः केवळ परस्परांच्या सौजन्यावर चालते. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरावी, तसा हा प्रकार आहे. रुमाल पाहून बाकीचे लोक बसत नाहीत म्हणून जागा राखली जाते, पण रुमालाकडे न पाहता कोणी बसलेच तर रुमाल त्याला अडवू शकत नाही. विंडोजमधील बाइट-कुलूप याहून कडक असते. तेथे धरलेल्या भागाला दुसऱ्या प्रोग्रामने हात लावला तर कर्नलच त्याला नकार देतो.

या फरकाचा एक सुंदर परिणाम एसक्यूलाइटच्या रचनेत दिसतो. ती आपली कुलपे फाइलच्या सुरुवातीला न लावता बरोबर १ जीबी अंतरावरील ५१२ बाइटांवर लावते. एक बाइट लिहिण्याचा इरादा नोंदवण्यासाठी, एक नव्या वाचकांना थोपवण्यासाठी आणि उरलेले ५१० वाचकांसाठी असतात. आपली फाइल जेमतेम ५० केबीची असली तरीही हेच घडते, कारण फाइलच्या शेवटापलीकडच्या भागावरही कुलूप मागता येते. विंडोजमध्ये कुलूपबंद भाग इतरांना वाचताही येत नसल्याने, खरी माहिती कधीच नसेल अशी जागा कुलपांसाठी राखून ठेवणे आवश्यक होते. फाइल १ जीबीपेक्षा मोठी झाली तरी एसक्यूलाइट त्या जागेच्या पानावर, म्हणजे फाइलच्या त्या तुकड्यावर, माहिती लिहीत नाही.

एकाच संगणकाच्या डिस्कवर हे सारे उत्तम चालते, कारण तेथे कर्नल एकच असतो आणि नोंदवहीही एकच असते. नेटवर्क ड्राइव्हवर मात्र आपल्या उदाहरणात तीन कर्नल आहेत आणि चौथा सर्व्हरचा, म्हणजे नॅसचा. म्हणून अडचण कोणतीही असो, मी पहिला प्रश्न हाच विचारतो की कुलपाची नोंदवही कोणाकडे आहे आणि सगळे जण त्याच नोंदवहीत पाहत आहेत का. लॉकच्या बहुतेक तक्रारींचा उलगडा या प्रश्नाच्या उत्तरात सापडतो. वही कोणाकडेच नसते, किंवा प्रत्येकाकडे आपापली वेगळी असते, किंवा निघून गेलेल्या माणसाचे नाव तिच्यात तसेच राहिलेले असते.

लिनक्सच्या जगात नेटवर्क फोल्डरसाठी प्रामुख्याने वापरली जाणारी एनएफएस ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणली. तिची रचना अशी होती की सर्व्हरने ग्राहक-यंत्रांविषयी, म्हणजे फोल्डर वापरणाऱ्या संगणकांविषयी, काहीही लक्षात ठेवायचे नाही, म्हणजे सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी काम पुढे चालू राहते. परंतु कुलूप म्हणजेच लक्षात ठेवण्याची गोष्ट. म्हणून तिसऱ्या आवृत्तीपर्यंत कुलपांचे काम ‘लॉकडी’ आणि ‘स्टॅटडी’ या दोन वेगळ्या सेवांकडे राहिले. या सेवांचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरील दारांचे क्रमांक, ठरलेले नसतात, त्यामुळे फायरवॉल फाइल वाचू-लिहू देते पण कुलपाची विनंती अडवते, असा विचित्र प्रसंग उद्भवतो. फोल्डर उघडतो, फाइल दिसते, आणि डेटाबेस उघडताच प्रोग्राम गोठून बसतो किंवा ‘नो लॉक्स अव्हेलेबल’ असे सांगतो. त्यातून स्टॅटडी सुरू नसेल तर लिनक्सचा माउंट करणारा आदेश स्वतःच सुचवतो की स्टॅटडी सुरू करा, नाहीतर ‘नोलॉक’ हा पर्याय देऊन कुलपे स्थानिक ठेवा. घाईत असलेला माणूस दुसरा मार्ग निवडतो, कारण तो एका शब्दाचा असतो.

‘कुलपे स्थानिक ठेवा’ याचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. त्यानंतर त्या यंत्रावरील प्रोग्रामला कुलूप मागताच लगेच मिळते, कारण ते त्याच यंत्राच्या कर्नलने दिलेले असते. सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो आणि शेजारच्या यंत्रालाही नसतो. एकाच गाडीचे आरक्षण दोन खिडक्यांवर दोन वेगळ्या वह्यांमधून दिले जावे, तसे हे होते. दोन्ही प्रवाशांकडे खरी तिकिटे असतात आणि दोघेही एकाच सीटचे हक्कदार असतात. त्रासदायक संदेश थांबतो हे खरे, पण तो संदेशच आतापर्यंत फाइलचे रक्षण करत होता.

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत कुलपे मूळ पद्धतीतच सामावून घेतली आहेत आणि सगळा व्यवहार २०४९ या एकाच पोर्टवरून होतो, म्हणून शक्य असेल तेथे तीच वापरावी. तिच्यात कुलूप मुदतीवर मिळते. लिनक्सच्या सर्व्हरवर ही मुदत सामान्यतः ९० सेकंदांची असते आणि ग्राहक-यंत्राने ती वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. एखादा लॅपटॉप कुलूप हातात असतानाच बंद पडला तर इतरांना काही काळ ‘लॉक्ड’ दिसते आणि मग आपोआप सुटका होते. तिसऱ्या आवृत्तीत ही सोय नाही. तेथे गेलेले यंत्र परत येऊन आपण पुन्हा सुरू झाल्याचे सर्व्हरला कळवेपर्यंत त्याच्या नावाचे कुलूप वहीत राहू शकते, आणि ते यंत्र कायमचे काढून टाकले असेल तर सर्व्हरवरील कुलपाची सेवाच पुन्हा सुरू करावी लागते. माउंट करताना ‘सॉफ्ट’ पर्यायही टाळावा, कारण त्यात सर्व्हरचे उत्तर ठरावीक वेळेत आले नाही तर लिहिणे अर्ध्यावर सोडून त्रुटी परत दिली जाते.

विंडोजच्या बाजूने येणारी एसएमबी ही पद्धत वेगळ्या विचाराची आहे. तिच्यात सर्व्हर पहिल्यापासून उघड्या फाइलींची नोंद ठेवतो, म्हणून विंडोज ते विंडोज असा व्यवहार असेल तर कुलपे बहुधा नीट पोहोचतात. गुंतागुंत होते ती लिनक्स यंत्राने एसएमबी शेअर माउंट केल्यावर. लिनक्समधील कुलूप प्रक्रियेच्या मालकीचे असते, एकमेकांवर येणारी कुलपे जोडून घेते आणि वाचनाचे कुलूप जागच्या जागी लेखनाच्या कुलपात बदलू शकते. एसएमबीमधील कुलूप उघडलेल्या फाइलीच्या हँडलशी, म्हणजे ती उघडताना मिळालेल्या ओळख-क्रमांकाशी, बांधलेले असते, ते जोडले जात नाही आणि कडकही असते. या दोन स्वभावांमधील भाषांतर नेहमी तंतोतंत होत नाही, आणि मग दुसरे कोणी फाइल वापरत नसतानाही ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असे दिसते. यावर सर्वत्र सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘नोबीआरएल’ हा माउंट पर्याय. तो दिल्यावर बाइट-कुलपांच्या विनंत्या सर्व्हरकडे पाठवल्याच जात नाहीत. म्हणजे हा एनएफएसमधील ‘नोलॉक’चाच भाऊ आहे. ती फाइल एकच यंत्र उघडणार असेल, उदाहरणार्थ घरगुती सर्व्हरवरील एखादा प्रोग्राम केवळ साठवणुकीसाठी नॅस वापरत असेल, तर हा पर्याय क्षम्य आहे. दोन यंत्रे उघडणार असतील तर तो कधीही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एसएमबीमध्ये आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. एखादी फाइल एकटेच यंत्र उघडून बसले असेल तर सर्व्हर त्याला माहितीची प्रत स्वतःजवळ ठेवण्याची आणि लिहिलेले नंतर पाठवण्याची मुभा देतो. या मुभेला जुन्या काळी ‘ऑपलॉक’ म्हणत, नव्या आवृत्त्यांत ‘लीज’ म्हणतात. दुसऱ्याने फाइल मागितली की सर्व्हर पहिल्याला मुभा परत करायला सांगतो. परंतु नॅसवरच चालणारा एखादा बॅकअप किंवा कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालणारा प्रोग्राम) सांबाला, म्हणजे नॅसवर एसएमबी पुरवणाऱ्या प्रोग्रामला, वळसा घालून थेट डिस्कवरून फाइल उघडत असेल, किंवा तोच फोल्डर एनएफएसनेही वाटलेला असेल, तर सांबाच्या नेहमीच्या मांडणीत हा निरोप जातच नाही आणि एका यंत्राला जुनी प्रत दिसत राहते. म्हणून एकच फोल्डर दोन पद्धतींनी वाटायचा असेल, तर सांबाच्या मांडणीत डेटाबेस फाइलींसाठी ऑपलॉक बंद ठेवावेत. त्यासाठी ‘व्हेटो ऑपलॉक फाइल्स’ असा खास पर्याय दिलेला आहे.

मॅकवर एसक्यूलाइट फाइल-प्रणालीचा प्रकार पाहून कुलपाची पद्धत निवडते, आणि नेहमीची बाइट-कुलपे चालत नसतील तर डेटाबेसच्या शेजारी ‘डॉट लॉक’ शेवट असलेली एक वेगळी खूण तयार करण्याच्या पद्धतीकडे वळू शकते. ही पद्धत स्वतंत्रपणे वाईट नाही. पण मॅक अशी खूण ठेवत असेल आणि लिनक्स यंत्र बाइट-कुलूप लावत असेल, तर दोघेही नियम पाळतात आणि तरीही एकमेकांना पाहू शकत नाहीत. एक जण दाराला कडी लावतो आणि दुसरा मागच्या दाराने आत येतो. शिवाय प्रोग्राम कोसळला तर ही खूण मागे राहते आणि फाइल कायमची कुलूपबंद भासते. फोल्डरमध्ये अशी खूण दिसली तर, सर्व यंत्रांवरील प्रोग्राम बंद असल्याची खात्री करूनच ती काढावी.

आज भेटणाऱ्या तक्रारींमध्ये सर्वांत मोठा वाटा असावा असे ज्याच्याविषयी वाटते, ते कारण मात्र कुलपांच्या पलीकडचे आहे. २०१० मध्ये आलेल्या ३.७.० या आवृत्तीपासून एसक्यूलाइटमध्ये ‘वॉल’ (राइट-अहेड लॉग) नावाची लेखनपद्धत आहे. तिच्यात नवे बदल आधी ‘वॉल’ शेवट असलेल्या वेगळ्या फाइलीत जमा होतात आणि त्यांची अनुक्रमणिका ‘एसएचएम’ शेवट असलेल्या फाइलीतून सर्व प्रोग्रामांनी एकत्र वापरायच्या मेमरीत असते. वाचणारे लिहिणाऱ्याला अडवत नाहीत, म्हणून ही पद्धत वेगवान आहे आणि फायरफॉक्सच्या इतिहासापासून होम असिस्टंटच्या नोंदींपर्यंत अनेक ठिकाणी वापरली जाते. पण दोन वेगळ्या यंत्रांची मेमरी एक असू शकत नाही. नेटवर्क ड्राइव्हवर प्रत्येक यंत्र त्या अनुक्रमणिकेची आपापली कल्पना बाळगते, आणि कुलपे अगदी निर्दोष असली तरी डेटाबेस बिघडू शकतो. एसक्यूलाइटच्या दस्तऐवजांतच स्पष्ट लिहिले आहे की वॉल पद्धत वापरणारे सर्व प्रोग्राम एकाच यंत्रावर असले पाहिजेत.

फाइल वॉल पद्धतीत आहे का, हे तिच्या शीर्षभागावरून कळते. शून्यापासून मोजले असता १८व्या आणि १९व्या बाइटमध्ये २ हा आकडा असेल तर ती वॉलमध्ये आहे, १ असेल तर जुन्या जर्नल पद्धतीत, जिच्यात बदलण्याआधीची माहिती ‘जर्नल’ या वेगळ्या फाइलीत राखली जाते. सोप्या मार्गाने पाहायचे तर एसक्यूलाइटच्या आदेश-खिडकीत ‘प्राग्मा जर्नल मोड’ विचारावा. ही निवड फाइलमध्येच टिकून राहते, त्यामुळे एखाद्या प्रोग्रामने एकदा ती बदलली की बाकीचेही त्याच पद्धतीने चालतात. बाकी सगळ्या यंत्रांवर फाइल बंद करून, एकाच ठिकाणाहून जर्नल मोड ‘डिलीट’ असा परत लावता येतो. मात्र प्रोग्रामच्या पुढच्या सुरुवातीला तो पुन्हा वॉल लावत नाही ना, हे तपासावे लागते.

शोध घेताना प्रथम साध्या शक्यता दूर कराव्यात. ‘डेटाबेस इज लॉक्ड’ हे बिघाडाचे लक्षण असतेच असे नाही. कोणीतरी मोठा व्यवहार (एकत्र पूर्ण व्हायचा बदलांचा संच) अर्ध्यावर ठेवून जेवायला गेला असेल, तरी हाच संदेश येतो. एसक्यूलाइट मुळात अजिबात वाट पाहत नाही, कुलूप मिळाले नाही तर लगेच नकार देते, म्हणून ‘बिझी टाइमआउट’, म्हणजे वाट पाहण्याची मुदत, पाच-दहा सेकंदांचा ठेवल्यावर कित्येक तक्रारी तेथेच संपतात. त्यानंतर फाइलची प्रत स्थानिक डिस्कवर घेऊन तोच प्रोग्राम चालवून पाहावा. तेथेही तीच अडचण आली तर दोष नेटवर्कचा नाही. विंडोजवर अँटिव्हायरस किंवा बॅकअपने फाइल धरून ठेवल्याची शक्यताही याच टप्प्यावर तपासावी.

पुढची चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. सामायिक फोल्डरमध्ये जर्नल पद्धतीची एक कोरी चाचणी-फाइल करावी, खऱ्या डेटाबेसवर हा प्रयोग करू नये. पहिल्या यंत्रावर ती उघडून ‘बिगिन एक्स्क्लुझिव्ह’ हा आदेश द्यावा आणि व्यवहार तसाच उघडा ठेवावा. आता दुसऱ्या यंत्रावरून त्याच फाइलीतून काही वाचण्याचा प्रयत्न करावा. दुसऱ्याला नकार मिळाला तर कुलूप नेटवर्क ओलांडून पोहोचते आहे. दुसऱ्याला बिनबोभाट उत्तर मिळाले तर दोघांच्या वह्या वेगळ्या आहेत, आणि आजपर्यंत काही बिघडले नसेल तर तो केवळ योगायोग आहे. हीच चाचणी उलट दिशेने आणि यंत्रांच्या प्रत्येक जोडीसाठी करावी. विंडोजचे कुलूप लिनक्सला दिसते म्हणून मॅकचेही दिसेलच, असे गृहीत धरता येत नाही.

चाचणीत दोष आढळला तर माउंटचे पर्याय पाहावेत. लिनक्सवर ‘फाइंडमाउंट’ या आदेशाने प्रत्यक्ष लागू झालेले पर्याय दिसतात. मांडणीच्या फाइलीत काय लिहिले आहे त्यापेक्षा या यादीवर विश्वास ठेवावा, कारण काही पर्याय प्रणाली स्वतःहून जोडते. कुलूप अडकून पडले असेल तर ते कोणाचे, हे सर्व्हरकडे विचारावे. लिनक्स सर्व्हरवर ‘एलएसलॉक्स’, सांबासाठी ‘एसएमबीस्टेटस’ आणि विंडोज सर्व्हरवर संगणक व्यवस्थापनातील उघड्या फाइलींची यादी ही त्याची साधने आहेत. ग्राहक-यंत्रावर हाच शोध घेतला तर त्याची स्वतःचीच कुलपे दिसतात, आणि ‘कोणीच धरलेले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

कायमचा उपाय विचाराल तर फाइल सामायिक करणे थांबवावे, हाच आहे. डेटाबेस एका यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवावा, त्याच यंत्रावर प्रोग्राम चालवावा आणि इतरांनी ब्राउझरमधून किंवा त्या प्रोग्रामच्या सेवेतून माहिती मागावी. अनेकांना खरोखर एकाच वेळी लिहायचे असेल तर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबीकडे जावे. तेथे नोंदवही एकाच सर्व्हरच्या हाती असते. नॅसचा उपयोग प्रती ठेवण्यासाठी जरूर करावा, पण चालू डेटाबेसची फाइल नुसती ओढून नेऊ नये. जर्नल किंवा वॉल फाइल मागे राहिली तर ती प्रत अपुरी असते. त्याऐवजी ‘व्हॅक्यूम इंटू’ या आदेशाने स्थानिक डिस्कवर पूर्ण प्रत काढून मग ती नॅसवर हलवावी.

फाइल आधीच बिघडली असण्याची शंका असेल तर सर्व प्रोग्राम बंद करून, जर्नल आणि वॉल फाइलींसह तिची प्रत घ्यावी आणि त्या प्रतीवर ‘इंटिग्रिटी चेक’ चालवावा. दोष निघाले तर ‘रिकव्हर’ आदेशाने वाचता येईल तेवढी माहिती नव्या फाइलीत काढता येते. मात्र उत्तर ‘ओके’ आले तरी तपास तेथे संपत नाही. ही चाचणी फाइलची रचना तपासते. एका यंत्राने जुन्या प्रतीवरून लिहून दुसऱ्या यंत्राची नोंद पुसली असेल, तर रचना धडधाकट राहते आणि नोंद मात्र गेलेली असते. म्हणून ज्या दिवसापासून ‘नोलॉक’ किंवा ‘नोबीआरएल’ लागू होते, त्या दिवसापासूनच्या नोंदी पावतीपुस्तकांशी आणि आधीच्या बॅकअपशी एकेक करून ताडून पाहाव्या लागतात.